बेथनला मी ‘जा’ म्हणाले

लंडनमध्ये, ईलिंगच्या आमच्या मराठी मंडळात नवीन ओळख झाली की दुसराच प्रश्न असतो, ‘तुम्ही काय करता?’ डॉक्टर असाल तर पुढे ‘कुठलं हॉस्पिटल?’ आणि आयटीवाले असाल तर ‘कुठली बँक?’ मी ‘एका जपानी कंपनीच्या प्रेस ऑफिसमध्ये होते’ असं म्हटलं की समोरचा माणूस प्लेटमधल्या समोशाकडे बघायला लागतो. एका काकूंनी मात्र नेटानं विचारलं होतं, “म्हणजे जाहिराती का हो?”

मी म्हटलं, “नाही. जाहिरातीत पैसे मोजले की हवं ते छापून येतं. आमच्याकडे पैसे न मोजता, नको ते छापून येऊ नये म्हणून धडपड.”

काकू म्हणाल्या, “मग आमच्या ह्यांच्यासारखंच. भूल देतात हे. सगळं नीट झालं तर पेशंटला आठवतसुद्धा नाही की हे तिथे होते.”

माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला वीस-बावीस वर्षांत कुणी ऐकवली नव्हती. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा त्या कामातली एक गोष्ट सांगून टाकते. कंपनीचं नाव घेत नाही आणि गावाचंही नाही.

पुण्यात बी. ए. करताना मी जपानी शिकायला लागले ती मैत्रिणीला सोबत म्हणून. मैत्रिणीनं दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला, मी राहिले. पुढे लग्न होऊन कार्डिफला आले. माझा नवरा श्रीकांत तिथल्या हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर होता. कार्डिफपासून तासाभरावर, डोंगरातल्या एका गावात, आमच्या जपानी कंपनीचा मायक्रोवेव्ह ओव्हनचा कारखाना होता. गावातल्या कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या, त्यामुळे गाव त्या कारखान्यावरच जगत होतं. जपानी इंजिनीयर आणि लाइनवरच्या वेल्श बायका यांच्यामध्ये दुभाषी हवी होती. त्या दोन्ही पार्ट्यांना माझं इंग्रजी कळायचं आणि एकमेकांचं कळायचं नाही, म्हणून मला नोकरी लागली. काही वर्षांनी श्रीकांतची बदली लंडनला झाली आणि कंपनीनं मला तिथल्या ऑफिसात प्रेसच्या कामावर घेतलं.

माझे साहेब होते इशिदा-सान. शिडशिडीत, नेहमी करडा सूट, बोलण्याआधी दातांतून लांब श्वास आत ओढायची सवय. श्वास जितका लांब, तितकी अडचण मोठी, हे मी पहिल्या महिन्यात शिकले. आमच्या कामाला जपानीत ‘कोहो’ म्हणतात, म्हणजे दूरवर कळवणं. पण प्रत्यक्षात जपानमध्ये कोहोचं बहुतेक काम म्हणजे वर्तमानपत्रांशी संबंध ठेवणं. तिथे प्रत्येक उद्योगाचा, प्रत्येक मंत्रालयाचा एक प्रेस क्लब असतो. क्लब म्हणजे ग्लास घेऊन बसायची जागा नव्हे. एक मोठी खोली, तिथे सगळ्या पेपरांच्या बातमीदारांची टेबलं. कंपनीला काही जाहीर करायचं असेल तर आधी क्लबकडे वेळ मागायची, ती फळ्यावर लिहिली जाते, आणि ठरल्या मिनिटाला सगळ्यांच्या हातात एकच कागद पडतो. कुणाला आधी नाही, कुणाला नंतर नाही. एखाद्या पेपरात आदल्या दिवशी काही फुटलं तर बाकीचे सगळे कंपनीवर रुसतात आणि कोहोवाल्याला टेबलाटेबलाशी जाऊन माफी मागावी लागते.

इंग्लंडमध्ये बरोबर उलटं. इथला बातमीदार दुसऱ्याच्या आधी कळावं म्हणूनच जगतो. सगळ्यांना एकदम दिलेला कागद तो वाचतही नाही.

इशिदा-सान लंडनला नवे असताना म्हणाले, “केरुकारु-सान, आपण प्रत्येक पेपरच्या ऑफिसात जाऊन नमस्कार करून येऊ.” केळकर हे नाव जपानी जिभेवर असंच वळतं. मी फोन केले. प्रत्येक ठिकाणी विचारायचे, “बातमी काय आहे?” मी सांगायचे, “काही नाही. भेटायला येतोय.” बहुतेकांनी टाळलं. एका मोठ्या पेपरचे वयस्कर बिझनेस एडिटर तेवढे उत्सुकतेपोटी खाली आले. इशिदा-साननी दोन्ही हातांनी कार्ड दिलं, वाकले, हवापाण्यावर चार वाक्यं बोलले आणि आम्ही निघालो. एडिटर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “झालं? खरंच काही नकोय?” पुढे कितीतरी वर्षं ते आमच्याबद्दल काही छापायच्या आधी फोन करून विचारत. इथल्या कुठल्याही पीआरवाल्याला ते जमलं नसतं. मी तेव्हा इशिदा-सानना मनातल्या मनात हसले होते, त्याची आता लाज वाटते.

वेल्समधल्या त्या गावाचं एक साप्ताहिक होतं. दर गुरुवारी निघायचं. त्याची कारखान्याची बातमीदार म्हणजे बेथन. माझ्याच वयाची, आखूड केस, तीन घरं पलीकडे ऐकू जाईल असा आवाज. तिची माझी खरी ओळख माझ्या चुकीतून झाली.

टोकियोहून एक डायरेक्टर कारखाना बघायला आले होते आणि मी लंडनहून दुभाषी म्हणून गेले होते. बेथननं त्यांना विचारलं, “दुसरी प्रॉडक्शन लाइन इथे येणार का?” डायरेक्टर म्हणाले, “सकारात्मक दृष्टीनं विचार करू.” जपानी माणसाला हे ऐकून कळतं की उत्तर ‘नाही’ आहे. मी मात्र शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं. गुरुवारी पहिल्या पानावर आलं, ‘दुसरी लाइन येण्याची चिन्हं’. गावात लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या मेअर नावाच्या बाईनं तर नवऱ्याला कार्डिफमध्ये लागलेली नोकरी सोडायला लावली. आता इथेच लागेल म्हणून.

मला हे कळलं. मी बेथनला फोन केला. “चूक तुझी नाही, माझी आहे. ते ‘नाही’ म्हणाले होते.”

ती म्हणाली, “तुझ्या साहेबांना माहीत आहे का, तू मला हे सांगतेयस?”

“नाही.”

“ठीक आहे. मी दुरुस्ती छापते, तुझं नाव येणार नाही. पण एक कर. यापुढे मला खोटं सांगू नकोस. सांगता येत नसेल तर ‘सांगता येत नाही’ म्हण. मी पुढे विचारणार नाही.”

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण माझ्या कानाला त्या दिवसापासून ती मला ‘तू’ म्हणते असंच ऐकू यायचं. आणि आम्ही दोघींनी तो शब्द पाळला. बुधवारी तिची पानं लागायची, म्हणून दर मंगळवारी दुपारी तिचा फोन. पगारवाढ, नवा मॅनेजर, नदीत सोडलेलं पाणी, काहीही. मी कधी उत्तर द्यायचे, कधी ‘सांगता येत नाही’ म्हणायचे. ती ‘बरं’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळायची. माझी तिच्याशी जितकी ओळख झाली तितकी मंडळातल्या कुणाशी झाली नाही.

तो कारखाना बंद करायचं ठरलं त्याला आता बारा वर्षं झाली.

इशिदा-साननी मला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं, दार लावलं आणि इतका लांब श्वास ओढला की मी खुर्ची धरली. “गुरुवारी, टोकियोच्या दुपारी तीन वाजता, क्लबमध्ये जाहीर होणार. तिथला शेअर बाजार बंद झाल्यावर.”

हिवाळ्यात टोकियोचे दुपारचे तीन म्हणजे इथले सकाळचे सहा. कारखान्यात सहालाच पहिली पाळी सुरू होते. मी विचारलं, “मग तिथल्या लोकांना कधी सांगायचं?”

“सहाला. एक मिनिटही आधी नाही.”

“आणि दुपारच्या पाळीची माणसं? ती सहाला घरी झोपलेली असतील. त्यांना रेडिओवरून कळेल.”

“केरुकारु-सान, सगळ्यांना एकाच क्षणी कळणं हाच न्याय आहे.”

मी त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता. त्या दिवशी घातला. “सगळे म्हणजे कोण? टोकियोतले बातमीदार आणि अठरा वर्षं इथे ओव्हन जोडणाऱ्या बायका एकाच रांगेत?”

ते म्हणाले, “आदल्या दिवशी एका माणसाला सांगितलं तर संध्याकाळी गावाला कळेल, आणि मग शेअर बाजाराचा नियम मोडला असं होईल. मला ते करता येत नाही. पण मी स्वतः तिथे जाऊन उभा राहीन. ते मला करता येतं.” टोकियोच्या ऑफिसचं म्हणणं होतं की त्यांनी लंडनमध्येच थांबावं. त्यांनी दोन दिवस फोनवर घालवून ती परवानगी मिळवली. मी त्यांच्याबरोबर जाणार होते. नोकरीला लागल्यापासून श्रीकांतपासून मी ऑफिसचं काही लपवलं नव्हतं, पण त्या आठवड्यात कार्डिफला का चाललेय हे त्यालाही सांगितलं नाही.

मंगळवार आला. दुपारी फोन वाजला. मी उचलला.

बेथननं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाली, “गावात कुजबुज आहे. पण मी तुला त्याबद्दल विचारत नाहीये. माझी मुलगी लीड्सला असते, तिचे दिवस भरलेत. उद्या सकाळी निघून दोन आठवडे तिच्याकडे राहीन म्हणते. मला एवढंच सांग, जाऊ का?”

आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला यातली मेख सांगायला हवी. तिनं ‘कारखाना बंद होतोय का?’ असं विचारलं असतं तर मी ‘सांगता येत नाही’ म्हणाले असते. ते उत्तर मी वर्षानुवर्षं छोट्यामोठ्या गोष्टींना देत आले होते, त्यावरून काही सिद्ध झालं नसतं. पण ‘लेकीकडे जाऊ का?’ या प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ म्हणणं म्हणजे बॅग उघड आणि कपडे परत कपाटात ठेव असं सांगणं. गप्प राहणं म्हणजेही तेच. तिनं मला कोपऱ्यात गाठलं होतं आणि तेही तिच्या मते सभ्यपणे, कारण मला काहीही फोडायला न लावता.

मी म्हणाले, “जा.”

आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझा आवाज मलाच कोरडा वाटला, म्हणून मी पुढे म्हणाले, “पहिलं बाळंतपण आहे. आईनं जवळ असायलाच हवं.”

ती खुशीत हसली. “थँक्यू,” म्हणाली. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

गुरुवारी सकाळी सहाला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रात्रीची पाळी थांबवून ठेवलेली आणि पहिली पाळी आलेली, अशी सगळी माणसं उभी होती. आलेल्यांनी कोटही काढले नव्हते. चेहऱ्यांवरून दिसत होतं की त्यांना कळलंय, फक्त ऐकायचं बाकी आहे. इशिदा-सानच्या हातात लंडनच्या वकिलांनी तपासून दिलेला इंग्रजी कागद होता. त्यात ‘खेद’ होता, ‘माफी’ नव्हती. माफी मागितली तर उद्या कोर्टात ती कबुली ठरेल, असं वकिलांचं म्हणणं.

त्यांनी कागद वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत आवाज हलला नाही. मग त्यांनी कागदाची घडी करून टेबलावर ठेवली, टेबलाच्या पुढे आले आणि वाकले. कमरेतून, पूर्ण. मी जपानी टीव्हीवर असे वाकणारे साहेब पुष्कळ पाहिलेत. तिथे समोर पन्नास कॅमेरे असतात आणि किती सेकंद वाकायचं हे कोहोवाल्यांनी आदल्या दिवशी ठरवलेलं असतं. मी तशा सूचना स्वतः टाइप केल्यात. इथे कॅमेरा नव्हता. कामावर येताना फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता, त्यामुळे फोनही कुणाच्या हातात नव्हता. ते वाकले आणि तसेच राहिले.

वेल्श माणसांना काय करावं कळेना. एकजण शिवी देऊन बाहेर निघून गेला. कुणीतरी रडत होतं. वेळ इतका लांबला की मला वाटलं, त्यांना उठता येत नाहीये. तेवढ्यात काउंटरच्या मागून मेअरचा आवाज आला. तीच मेअर, माझ्या भाषांतरापायी जिच्या नवऱ्याची कार्डिफची नोकरी गेली होती. ती म्हणाली, “उठा हो आता, बाळा, पाठ धरेल तुमची.”

कुणी तरी हसलं, मग आणखी कुणी तरी. इशिदा-सान सरळ झाले. त्यांचा चेहरा लालभडक झाला होता. मेअरनं त्यांच्या हातात चहाचा मग दिला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

बाहेर आठ वाजेपर्यंत टीव्हीच्या गाड्या आल्या. लंडनच्या पेपरांत दुसऱ्या दिवशी काही ओळी आल्या, गेटचा फोटो आला. आतल्या त्या दहा मिनिटांबद्दल एक शब्दही कुठे आला नाही. बेथन गावात असती तर आठच्या आत ती मेअरच्या स्वयंपाकघरात बसलेली असती. पण ती लीड्सच्या हॉस्पिटलात होती. मुलीचं सिझेरियन झालं होतं आणि तिला सोडून निघणं शक्य नव्हतं. पुढच्या गुरुवारी गावाच्या स्वतःच्या पेपरात, गावावर आलेल्या सगळ्यात मोठ्या संकटाची बातमी आली ती न्यूज एजन्सीकडून जशीच्या तशी उचललेली. त्यात गावाच्या नावाचं स्पेलिंगही चुकलेलं होतं.

दोन आठवड्यांनी, मंगळवारीच, बेथनचा फोन आला.

“मुलगा झाला,” ती म्हणाली. “दोघं ठीक आहेत.”

“अभिनंदन,” मी म्हटलं.

“यापुढे तुमच्या ऑफिसला काही विचारायचं असलं तर मी ईमेल करत जाईन, मिसेस केळकर.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढे तिचे ईमेल आले, प्रत्येकाची सुरुवात ‘डिअर मिसेस केळकर’. मी उत्तरं दिली, प्रत्येकाच्या शेवटी ‘कंपनीच्या वतीनं’. वर्षभरात कारखाना रिकामा झाला आणि ते ईमेलही थांबले.

या गोष्टीवर मी खूप विचार केलाय. इशिदा-सान जपानला परतण्याआधी एकदा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं ते माझ्या पस्तावण्याचं. “तुम्ही एकीला आधी सांगितलं नाही. हे तर तुमचं काम होतं.” त्यांच्या बाजूनं ते खरंच आहे. शब्द फुटला असता तर अफवा, शेअर, चौकशी, सगळं झालं असतं आणि कारखाना तरीही बंदच झाला असता. इंग्लिश सहकारी म्हणायचे, “तू खोटं कुठे बोललीस? ‘जा’ म्हणालीस, एवढंच.” तेही खरं. पण माझ्या कामाचं भांडवल कंपनीचं नाव नव्हतं, लेटरहेड नव्हतं. फोनच्या पलीकडच्या माणसाला माझ्या ‘हो’चा अर्थ ‘हो’ वाटतो, एवढंच होतं. ते मी एका शब्दात खर्च केलं. आणि ज्या माणसांनी ते ओव्हन बनवले त्यांची बाजू लिहू शकणारी एकच बाई होती, तिला मीच गावाबाहेर पाठवलं.

मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यात बेथनचा ईमेल आला. कारखान्यातल्या माणसांचं पुढे काय झालं यावर ती मोठा लेख लिहीत होती. भेटाल का, असं विचारलं होतं. आम्ही कार्डिफला स्टेशनजवळच्या एका कॅफेत भेटलो. तिचे केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. मी तिला कॅन्टीनमधलं सगळं सांगितलं, वकिलांच्या कागदासकट. ती वहीत लिहीत गेली. मेअरनं तिला आधीच सगळं सांगितलं होतं, ती फक्त पडताळून बघत होती.

मग तिनं पेन खाली ठेवलं. “मी इतकी वर्षं लोकांना एक सांगत आलेय. तुम्हाला सगळं माहीत होतं. पण माझा नातू जन्मणार होता, म्हणून तुम्ही मला ‘जा’ म्हणालात. बातमी गेली तरी चालेल, हिनं आपल्या लेकीजवळ असावं, असं तुम्हाला वाटलं. लोकांना ही गोष्ट फार आवडते.”

ती मला वाट करून देत होती. मान हलवली असती तर सगळं मिटलं असतं. नातवाचा फोटो बघितला असता, केक मागवला असता. मी कप बशीत ठेवला.

“नाही,” मी म्हटलं. “तेव्हा तुझ्या लेकीचा विचारही माझ्या मनात नव्हता. मला गुरुवारचे सहा वाजेपर्यंत तोंड बंद ठेवायचं होतं. ते बाळंतपणाचं वाक्य मी वर जोडलं, तुला खरं वाटावं म्हणून. मी तुझ्या नातवाचा उपयोग करून घेतला.”

तिनं खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

“हे छापू?” तिनं विचारलं.

एवढ्या वर्षांत हजारो वेळा मी या प्रश्नावर म्हटलं होतं, थांबा, विचारून सांगते. “छाप,” मी म्हटलं. “माझ्या नावानं.”

तिनं पेन उचललं आणि ती दोन ओळी लिहीपर्यंत मी तिच्या हाताकडे बघत बसले. स्टेशनवर मला सोडताना तिनं माझा हात थोडा जास्त वेळ धरला.

तीन आठवड्यांनी पेपर पोस्टानं घरी आला. अख्खं पान होतं. वकिलांचा कागद, मेअर, चहाचा मग, गोदामात कामाला लागलेल्या बायका, दूर गेलेली मुलं, सगळं. बेथननं ते फार चांगलं लिहिलं होतं. श्रीकांतनं वाचलं, मी दोनदा वाचलं. ‘जा’बद्दलचं आमचं बोलणं मात्र त्यात नव्हतं.

मी तिला फोन केला. “छान झालाय लेख,” म्हटलं. मग न राहवून विचारलं, “ते माझं?”

“अगं, जागा नव्हती,” ती म्हणाली.

मी ‘बरं’ म्हटलं आणि पुढे काही विचारलं नाही. पेपर माझ्या समोर टेबलावर उघडा होता. लेखाच्या खाली चांगली चार बोटं जागा उरली होती आणि ती भरायला तिथे तळ्यातल्या दोन बदकांचा फोटो टाकला होता.